कोठडीतला गैरहजर साक्षीदार

प्रति,
मा. जिल्हादंडाधिकारी साहेब,
नवा जिल्हा (कचेरी सध्या भाड्याच्या जागेत)

अर्जदार : पंढरी ग्यानोबा सोनकांबळे, वय ४१, मूळ गाव शेळवाडी, सध्या मुक्काम भोकर, जि. नांदेड

विषय : १७ मार्चच्या साक्षीस परवानगी मिळत नसल्यास दुसरी सोय करणेबाबत.
संदर्भ : १) जुन्या जिल्ह्याचा तडीपारीचा हुकूम, जुलै १९८२. २) कोर्टाचे समन्स.

महोदय,

अर्जदार सविनय कळवितो की, दुष्काळाचे कारण सांगून शेळवाडीची ग्रामपंचायत निवडणूक तिसऱ्यांदा पुढे ढकलली, तेव्हा गावकरी मतदान मागायला तहसीलपुढे बसले. लाठीमार झाला. अर्जदाराने घोषणासुद्धा दिली नव्हती. त्याने फक्त अकरा जखमींची नावे लिहिली, त्यांना दवाखान्यात नेऊन दाखले घेतले व कोर्टात फिर्याद लावून दिली. त्यावरून तो दोन वर्षांसाठी जिल्ह्यातून तडीपार झाला.

२. पुढच्याच महिन्यात जिल्हा फुटला व गाव आपल्याकडे आले. साक्षीस येण्याची परवानगी मागता जुनी कचेरी म्हणते, गाव आमचे नाही. आपली कचेरी म्हणते, हुकूम आमचा नाही, फाईलच आली नाही. आपले कारकून अमृतराव तोंडी म्हणाले, "हुकूमच न्हाई तर परवानगी कशाची? बिनघोर या." अर्जदार लिहिता-वाचता असून तोंडी शब्दावर निघाला, ही चूक त्यास मान्य आहे.

३. ११ जानेवारीला, साक्षीच्या आधीच्या तारखेस, एस.टी.तून उतरताच अर्जदारास धरले. पोलिसांजवळ हुकुमाची नक्कल होती. कोठडी कोर्टाच्या पाठीमागेच आहे. पट्टेवाल्याने अर्जदाराच्या नावाचा तीनदा पुकारा केला, तो त्याने स्वच्छ ऐकला व "हाव, हितं हाय" म्हणून ओरडला. शिपायाने गप्प बसविले. कोर्टात 'साक्षीदार गैरहजर' अशी नोंद होऊन पकड वॉरंट निघाले. पोलिसांनी मात्र अर्जदारास पुन्हा जिल्ह्याच्या हद्दीबाहेर नेऊन सोडले.

४. आता १७ ही शेवटची तारीख. दहा जणांनी धाकापायी नावे मागे घेतली. मनगट मोडलेल्या केवळाबाई एकट्या उरल्या. त्यांचा निरोप आहे, "तुमी आला न्हाई तर म्या खोटी ठरते. मंग गावात कोण ऱ्हाऊ देतंय?" अर्जदाराची बायको धुरपताबाई कळविते, "यिऊ नका, अवंदा जित्तं सोडणार न्हाईत." दोघींचेही खरे आहे. आले तर हुकूम मोडतो, न आले तर वॉरंट आहेच. अर्जदारास भीती वाटते, हे लिहिण्यात त्यास कमीपणा वाटत नाही.

५. सबब परवानगी नकोच. १६ तारखेला सकाळी अर्जदार लातूरच्या गाडीने येऊन जिल्ह्याच्या हद्दीवर उतरेल व तेथेच बसून राहील. तेथे त्यास अटक करावी, हातकडी घालावी, आणि दुसऱ्या दिवशी पुकारा होताच कोठडीतून काढून कोर्टापुढे उभे करावे. साक्ष झाल्यावर काय करायचे ते करावे, तक्रार नाही. फक्त शपथेला उजवा हात वर जाईल इतकी साखळी मोकळी असावी.

उत्तराची वाट पाहणारा,
आपला नम्र,
पंढरी ग्यानोबा सोनकांबळे
भोकर, दि. ३ मार्च १९८३

सोबत :
समन्सची नक्कल.
केवळाबाईंचा दवाखान्याचा दाखला.
अर्जदाराचा फोटो, हद्दीवर माणूस चुकू नये म्हणून.