शुक्रवारचे दहा शब्द

मी, दिनानाथ महादेव केळसकर, वय वर्षे एकसष्ट, निवृत्त इंग्रजी शिक्षक, राहणार आचोळे, नालासोपारा पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. गुडघे नाहीत, पण कायद्याला गुडघ्यांशी देणंघेणं नसतं. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. यापूर्वी मृत्युपत्र केलेलं नाही.

कलम १. माझ्या नावावरचा राहता फ्लॅट आणि बँकेतली शिल्लक मुलगा संकेत यास मिळावी. तो पुण्यात असतो. दिवाळीला येतो तेव्हा बिस्किटांचा पुडा आणतो, जणू आजाऱ्याला बघायला आलाय. असो. फ्लॅट विकायचा तर खुशाल विकावा, फक्त त्याच्या आईचे, कै. लतिकाचे, पितळी डबे भंगारात घालू नयेत.

कलम २. माझे तीन शब्दकोश शाळेच्या वाचनालयास द्यावेत, पण मुख्याध्यापकांच्या हाती नव्हे. मी निवृत्त होताच माझा शुक्रवारचा तास त्यांनी 'जुनाट' म्हणून बंद केला. मी त्यांना माफ केलेलं नाही आणि मेल्यावर करेन असं वाटत नाही.

कलम ३. हा तास काय होता ते लिहितो, कारण पुढचं त्यावर अवलंबून आहे. दर शुक्रवारी नववीला इंग्रजीतले दहा नवे शब्द आणि साहित्यातली एक संज्ञा. प्रत्येक शब्दाचं वाक्य मुलांनी शब्दवहीत लिहायचं. पोरं गाइडमधून वाक्यं उतरवायची, म्हणून मी नियम केला: वाक्य आपल्या घरातलं आणि खरं हवं. गाइडमधलं दिसलं की तासभर उभं करायचो. वह्या मी त्याच दिवशी तपासून तारखेसह सही करत असे. एका वर्गात बासष्ट वह्या! शब्द बरोबर बसलाय का तेवढं बघायचं, की पुढची वही. खरं लिहा म्हणून दरडावणारा मी, ते खरं कधी वाचलंच नाही.

कलम ४. माझ्या कपाटात खालच्या कप्प्यात कु. आर्या म्हात्रे हिची २०२२ सालची शब्दवही आहे. आर्याला आईवडील नाहीत. होळी गावात ती आजी भागूबाई आणि काका हरेश्वर म्हात्रे यांच्याजवळ वाढली. घराची वाडी, म्हणजे विहिरीसकट केळीची बाग, भागूबाईंच्या नावावर होती आणि हरेश्वरना ती बिल्डरला द्यायची होती. त्या वहीतली तीन वाक्यं मराठी करून देतो.

आठ जुलै: 'आजी कागदावर अंगठा द्यायला नाखूष आहे.' बरोबर, माझी सही.

पाच ऑगस्ट: 'काकांनी आमच्या विहिरीचा कठडा पाडला.' बरोबर, माझी सही.

सव्वीस ऑगस्टला संज्ञा होती पूर्वसूचना, म्हणजे गोष्टीत पुढे घडणाऱ्याची आधीच लागलेली चाहूल. आर्याचं उदाहरण: 'काका आजीला म्हणाले, म्हाताऱ्या माणसाचा पाय कधीही घसरतो.' त्याखाली माझ्या लाल अक्षरात आहे: 'उत्कृष्ट उदाहरण. दहापैकी दहा.'

दोन दिवसांनी, गणपतीच्या तोंडावर, भागूबाई विहिरीत सापडल्या. पाय घसरला, असं सगळे म्हणाले. हीच बाई पालकसभेत मला म्हणाली होती, "मास्तर, चालीस वर्सं त्याच विहिरीचं पानी काढते, पाय कवा घसरला नाय."

पुढच्या तासाला आर्याची दहाही वाक्यं गाइडमधली निघाली. मी तिला उभं केलं. ती तासभर उभी राहिली. संध्याकाळी वही मागे उलटत गेलो, ही तीन वाक्यं पहिल्यांदा नीट वाचली आणि वही घरी आणून कपाटात ठेवली.

हरेश्वर तेव्हा शाळेच्या समितीवर होते आणि माझी निवृत्ती तोंडावर आली होती. महिन्याभराने केळीचा घड घेऊन घरी आले. "आर्याची एक वही तुमच्याकडे राहिलीय म्हणे, सर?" मी म्हटलं, रद्दीत गेली. ते हसले. म्हणाले, "बरं झालं. पेन्शनचे कागद अडले तर सांगा." मी पोलिसांकडे गेलो नाही. भित्रा होतो, दुसरं कारण नाही.

कलम ५. भागूबाईंनी अर्धी वाडी आर्याच्या नावे करून ठेवली होती. येत्या वीस फेब्रुवारीला ती अठरा पूर्ण करेल, म्हणजे तिची सही चालेल. गेल्या रविवारी पापडीच्या बाजारात ती भेटली. वाळलीय पोर. म्हणाली, "सर, काका बोलतात वाढदिवसालाच सही कर. मी 'नाही' बोलले." मग हळूच, "त्यांनी कठडा अजून बांधलेला नाही."

तरी सदर शब्दवही माझ्या मृत्यूनंतर पोलिसांच्या ताब्यात द्यावी.

इथवर लिहून साक्षीसाठी आग्नेसबाईंना वाचायला दिलं. त्या आमच्या शाळेच्या निवृत्त क्लार्क, पापडीच्या. कलम पाच त्यांनी दोनदा वाचलं आणि चष्मा काढला. "सर, तुमची शुगर कंट्रोलमध्ये आहे. तुम्ही अजून दहा वर्षं जगाल. पोरीचा वाढदिवस चौदा दिवसांवर आलाय!"

मला शरम वाटली.

कलम ५ मधलं शेवटचं वाक्य रद्द. वही मी आज, आत्ता, पोलीस ठाण्यात नेतो. संकेतने कलम १ साठी घाई करू नये. मात्र माझं काही बरंवाईट झालं, तर माझाही पाय घसरला असं समजू नये. वहीच्या प्रत्येक पानाचा फोटो आग्नेसबाईंच्या मोबाइलमध्ये आहे.

निघण्याआधी आर्याला फोन लावला. बराच वेळ वाजला, मग हरेश्वरनी उचलला. "आर्या वाडीत गेलीय. फोन इथंच ठेवून गेली. तुमचं काय काम होतं, सर?"

आग्नेसबाई त्यांच्या मोबाइलवरून पोलिसांशी बोलत आहेत. त्यांचे यजमान सायमन खाली रिक्षा थांबवून वर आले आहेत. आम्ही ठाण्याच्या आधी होळीला, आर्याच्या वाडीत जातो.

सही: दि. म. केळसकर

साक्षीदार:
१. आग्नेस सायमन मच्याडो, पापडी
२. सायमन पास्कोल मच्याडो, पापडी

स्थळ: आचोळे, नालासोपारा पूर्व
शुक्रवार, दि. ६ फेब्रुवारी २०२६, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटे