मन्सूरभाईंचा कान आणि माझा मीटर

थेरगाव, मंगळवार

आदरणीय आबाजीमामा,

शेखर आणि विजयश्रीचा वाकून नमस्कार. तुमचा गुडघा आणि गोजामामींचा खोकला आता उताराला लागला असेल असं धरून चालतो. (धरून चालणं माझ्या तत्त्वात बसत नाही, पण तुम्ही फोन उचलत नाही.) इकडे सर्व क्षेम आहे. तुमच्या जीपबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं.

जीप ट्यूनिंगसाठी मन्सूरभाईंकडे टाकायला तुम्ही सांगितलंत, मी टाकली. त्यांच्या गॅरेजवरची पाटी तुम्हाला ठाऊकच आहे: 'आवाज ऐकून ट्यूनिंग केले जाईल.' सव्वीस वर्षं ती तिथे आहे. मन्सूरभाई बॉनेटवर तळहात ठेवतात, मान जराशी कलती करतात, कार्बुरेटरचा स्क्रू पाव फेरा फिरवतात आणि 'बस' म्हणतात. ज्या माणसाने चाळीस वर्षं गावोगावच्या व्यासपीठांवरून 'आधी मोजा, मग माना' असं सांगितलं, त्याने हे मुकाट बघत उभं राहायचं? तराजूचा शोध माणसाने काय शोभेसाठी लावला? मी तिथल्या तिथे बोललो. (विजयश्रीच्या मते पन्नास मिनिटं. मी घड्याळ पाहिलं नव्हतं.) बोलण्याच्या भरात, जमलेल्या लोकांसमोर असंही म्हणालो की आपण मीटर लावून पाहू, आणि कान चुकला तर ही पाटी उतरली पाहिजे. मन्सूरभाई हात पुसत म्हणाले, "ठीक आहे सर, चुकला तर उतरवतो. आणि नाही चुकला तर?" मी त्याच संध्याकाळी मीटर मागवला.

इंजिनात पेट्रोलच्या एका भागाला हवेचे किती भाग जातात, ते धुरातल्या प्राणवायूवरून सांगणारा हा मीटर. साधारण पावणेपंधरा भाग असले की ज्वलन पुरं होतं. यातला एक सेन्सर नुसतं कमी की जास्त एवढंच सांगतो. (असे कार्यकर्ते मी आयुष्यभर पाहिले.) दुसरा किती कमी, किती जास्त, ते आकड्यात सांगतो. मी अर्थातच दुसरा निवडला. जोडणी करून दिली ती खुद्द मन्सूरभाईंच्या मुलीने, महेकने. ती चाकणला एका कंपनीत टेस्टिंगला आहे. सेन्सर बसवायला सायलेन्सरच्या नळीला भोक पाडावं लागतं. (ते तुमच्याच जीपच्या नळीला पाडलं आहे. भोक सुबक आहे.) शिफ्टला निघताना महेकने एकच सूचना दिली: "काका, बसवायच्या आधी सेन्सर उघड्यावर स्वच्छ हवेत धरा. जी हवा दाखवाल, तीच तो शुद्ध समजणार." मी धरला. तोवर चार माणसं जमली होती, त्यांना प्राणवायूचा शोध कसा लागला ते थोडक्यात सांगितलं.

मग मन्सूरभाईंनी कानाने लावलेली जीप मीटरवर घेतली. हवा जास्त, पेट्रोल कमी. मन्सूरभाई म्हणाले, आबाजींना पेट्रोल जपून लागतं म्हणून हवा जराशी जास्त मीच ठेवतो, पण एवढी नाही. मी म्हणालो, आकडा खोटं बोलत नाही. पाहुण्याच्या हट्टापायी खिरीत मीठ घालणाऱ्या आचाऱ्याच्या चेहऱ्याने त्यांनी मीटरचं समाधान होईतो स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवलं. नंतर शिडी आणली, पाटी उतरवली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली. आठ दिवसांत त्यांचे दोन जुने रिक्षावाले दुसऱ्या गॅरेजला गेले. तिसऱ्याने तोंडावरच विचारलं, "चाचा, कान गेला म्हणे?"

पुढच्या बुधवारी मी जीप घेऊन निगडीला व्याख्यानाला निघालो. विषय 'मोजमाप आणि माणूस'. डांगे चौकात जीपने काळा धूर सोडला, दोन आचके दिले आणि ती बसली. फोन केल्यावर मन्सूरभाई आले. प्लग काढले तर काजळी धरलेली. मी टोमण्यांना उत्तरं तयार ठेवली होती. त्यांनी नुसते प्लग पुसून परत बसवले. वादविवादात याला मी गैरवर्तन म्हणतो.

संध्याकाळी महेकने विचारलं, सेन्सर कसा धरला होता ते दाखवा. मी दाखवलं. चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप हनुवटीखाली चार बोटांवर गेला. "काका, हा माइक नाहीये." तात्पर्य, मीटरने माझा उच्छ्वास हीच जगातली शुद्ध हवा मानली होती, आणि अशा मीटरला मग हवा असते त्याहून जास्तच दिसणार. (उच्छ्वासात प्राणवायू कमी असतो, हेच मी त्या चार माणसांना समजावत होतो.)

रविवारी सकाळी महेकने देहूला नदीकाठी नेऊन सेन्सरला हवा दाखवली. मला लांब रिक्षातच बसवून ठेवलं होतं. परत आल्यावर मन्सूरभाईंनी मीटरकडे पाठ करून जीप कानाने लावली आणि 'बस' म्हणाले. महेकने आकडा वाचला. पावणेपंधराच्या किंचित वर, तुमच्या काटकसरीला शोभेल असा. मन्सूरभाईंनी वळूनही पाहिलं नाही.

पाटी मात्र अजून भिंतीकडे तोंड करून आहे. लावा म्हटलं तर म्हणाले, "चारचौघांत उतरली सर, चढणार पण चारचौघांत. आबाजींनी सांगितलं तर."

मामींना नमस्कार सांगावा.

तुमचा,
शेखर

ता.क. म्हणून येत्या रविवारी तुम्ही थेरगावला यावं आणि पाटी आपल्या हाताने चढवावी. निगडीपर्यंत बसने या, तिथून जीपने आणतो. मन्सूरभाईंची एकच अट आहे: त्या दिवशी मी बोलायचं नाही. तेव्हा भाषण तुम्हाला करावं लागेल. अकरा पानं सोबत जोडली आहेत.

ता.क. २. विजयश्री म्हणते, मामा अकरा पानं वाचणार नाहीत, "गाडी झ्याक चालतीय, लाव रं पाटी" एवढंच म्हणतील. मजकुराच्या दृष्टीने ते पुरेसं आहे हे मला मान्य करावं लागलं.

ता.क. ३. पानं वाचलीत तरी शेवटची ओळ तुम्ही वाचू नका. तिच्यापुरती मन्सूरभाईंकडून मी परवानगी काढली आहे. 'मन्सूरभाई, चूक माझी होती.' चारच शब्द आहेत. मी मोजले.