टाकीवरची कुंकवाची रेघ

माय, त्या दोन माशांची खरी किंमत आज सांगून टाकतो. दुकानदाराला दिले ते पैसे सोड. घरातला एकुलता एक कूलर उन्हाळाभर, समुद्राच्या पाण्याचे चौदा कॅन, तुझ्या जुन्या पातळाचा पदर आणि तुझी दुपारची झोप, एवढं लागलं. करंगळीएवढे जीव, नारिंगी अंगावर पांढरे पट्टे. जळगावच्या वैशाखात आपण मायलेक घाम पुसत बसायचो आणि कूलरचा वारा त्यांच्या टाकीवर. जावई येऊन राहिला असता तरी एवढं केलं नसतं, असं तू एकदाच म्हणालीस. बाकी तक्रार नाही. मी मात्र अजून लोकांना सांगतो, समुद्रापासून इतक्या लांब, पंचेचाळीस डिग्रीत, मी ती जोडी जगवली. एक मासा दगावू दिला नाही.

नव्वदीच्या मध्यातली गोष्ट. माझं मोटारी भरायचं, म्हणजे जळालेल्या मोटारीत नवी तार गुंडाळून वर वार्निश मारायचं दुकान होतं. बंद दाराआड चालणाऱ्या मोटारीचं बेअरिंग गेलंय की नाही हे मी रस्त्यावरून सांगायचो. रावेरच्या एका केळी व्यापाऱ्याची मोटार दुरुस्त करून दिली, तेव्हा तो मला ट्रकमध्ये बसवून मुंबईला घेऊन गेला. तिथं त्याच्या आडत्याच्या घरी काचेच्या टाकीत समुद्र पाहिला. खरा समुद्र दुसऱ्या दिवशी पाहिला. मऊ बोटांसारखं प्रवाळ पाण्यात हलत होतं आणि त्यातून बारके मासे ये-जा करत होते. प्रवाळाला टोचे मारणारे मासे ठेवायचे नाहीत आणि माशांना डसणारं प्रवाळ ठेवायचं नाही, एवढा मंत्र तिथल्या माशांच्या दुकानदाराकडून घेतला आणि मी टाकी घरी आणली. केळी उतरवून रिकामे परतणारे ट्रक पाण्याचे कॅन आणायला लागले. धुळ्याचे एक डॉक्टर होते, त्यांच्या दवाखान्यातले कूलर मी बघायचो. ते म्हणाले, एक उन्हाळा जगवून दाखव, पावसाआधी येऊन बघतो; जगले तर माझ्या दवाखान्यात अशीच टाकी बसव. वार्निशच्या वासातून बाहेर पडायची मला तेवढी एकच वाट दिसत होती.

पहिल्याच आठवड्यात एक मासा पंपाच्या तोंडाला चिकटला. मी आतल्या खोलीत जेवत होतो. मोटारीचा सूर बदललेला ऐकू आला आणि मी हातातला घास टाकून बटण बंद केलं. मासा वाचला, पण त्याचा मधला पट्टा खरवडून तुटला तो तुटलाच. माझ्या कानाचं कौतुक मीच करत होतो. तू पातळाचा पदर फाडलास, साबण न लावता तीनदा धुतलास आणि पंपाच्या तोंडाला बांधताना म्हणालीस, "तुना कान चांगला शे, भाऊ. पण तुले ऐकू येस तवलोंग मासा अर्धा व्हई जाई." प्रवाळाला तू फुलकोबी म्हणायचीस. लाइट गेली की हवेचा पंप बंद पडायचा, मग तू टाकीशेजारी स्टूल टाकून बसायचीस आणि तांब्यानं पाणी उचलून वरून सोडायचीस, तासतासभर. तो आवाज माझ्या कानात आहे, सगळ्या मोटारींपेक्षा साफ.

आणि ती कुंकवाची रेघ. टाकीच्या काचेवर, कोपऱ्यात, आडवी. नव्या शिलाई मशिनीला, नव्या सायकलीला तू कुंकू लावायचीस, तशातलंच हे समजून मी फडक्यानं पुसायचो. डॉक्टर येणार, त्यांच्यासमोर हे कशाला? दुसऱ्या दिवशी रेघ परत जागेवर. वाद झाला नाही. तू लावायचीस, मी पुसायचो.

वैशाखात तू मावशीच्या डोळ्याच्या ऑपरेशनसाठी पंधरा दिवस धुळ्याला गेलीस. तिसऱ्या दिवशी बघतो तर पाणी तीन बोटं खाली. तोवर कधी इतकं उतरलेलं दिसलं नव्हतं. मी समुद्रात समुद्र ओतला, कॅनमधला. रोज ओतत राहिलो. आठवड्यानं प्रवाळ मुठीएवढं आकसलं, मासे तळाशी बसून धापा टाकायला लागले. मी काचेला कान लावला. मोटार झकास चालली होती.

तू आलीस ती हातातली पिशवी खाली न ठेवता टाकीपाशी गेलीस. बोट बुडवलंस, जिभेला लावलंस आणि मोरीत जाऊन थुंकलीस.

"लोनचं घालं का रे?" मग कूलरकडे बोट केलंस. "त्या जाळीवर बठ्ठं पांढरं काय शे? पानी उडी जास, मीठ आठेच ऱ्हास."

दर उन्हाळ्यात शंभर कूलरच्या जाळ्यांवरचा तो पांढरा थर पत्र्यानं खरवडणारा माणूस मी. तू म्हणालीस, "तू पुसस ना, ती रेघ. तठलोंग गोडं पानी, रोज." रात्रभर उघडं ठेवून ब्लीचिंगचा वास गेलेलं माठातलं पाणी तू रोज दुपारी, मी दुकानात असताना, त्या रेघेपर्यंत भरत होतीस. आधी का सांगितलं नाहीस, विचारलं. "तू समुद्रना जानकार. तुले माहीत व्हई असं वाटनं माले." हा टोमणा होता की खरंच तसं वाटलं होतं, हे माझ्या कानालाही अजून ठरवता आलेलं नाही.

एक तांब्या खारं काढायचं, एक तांब्या गोडं घालायचं, असं तू चार दिवस केलंस, एकदम केलं तर त्यांना सोसणार नाही म्हणून. पाचव्या दिवशी फुलकोबी उघडली. डॉक्टर आले, खुश झाले. मी म्हणालो, साहेब, एक मासा दगावू दिला नाही. रेघेबद्दल त्यांनी विचारलं, तर ती माझी पद्धत आहे म्हणालो. तू चहाच्या कपबश्या उचलून आत गेलीस. पाच दिवस टाकीसमोर बसून होतीस, पण विचारलंस ते डॉक्टर गेल्यावर.

"तुटेल पट्टावाला कोठे शे?"

दगडामागं बसलाय, मी म्हणालो. "बरं," म्हणालीस. दुसऱ्या दिवशी खाणं टाकताना चिमूटभर दगडामागंही टाकलंस.

त्या एका टाकीवरून जळगाव-धुळ्यात पुढे किती टाक्या बसवल्या. आता प्रवाळ ठेवायला कायद्यानं बंदी आहे, तेही बरंच झालं. मी गोड्या पाण्याच्या बसवतो. रेघ मात्र प्रत्येक काचेवर मारतो, लाल नेलपॉलिशनं, आणि कुणी विचारलं तर अजून माझीच पद्धत म्हणतो. तू गेलीस तिकडं हा कागद पोचवणारी पेटी नाही. त्या उन्हाळ्यानंतर घेतलेल्या, खारेपणा मोजायच्या काचेच्या नळीसोबत खणात ठेवून देतो.

दगडामागं कोणी नव्हतं, माय. तुटक्या पट्ट्याचा मासा तू धुळ्याहून यायच्या तीन दिवस आधी मेला. तू पाहिलास तो त्याच्या जागी केळीच्या ट्रकनं मागवलेला दुसरा.