केसालाही धक्का लागू देणार नाही

२ एप्रिल
आजपासून कन्येच्या केसांचं खातं माझ्याकडे. सकाळी वेणी घालताना ही म्हणाली, पूलच्या क्लोरीननं पोरीच्या केसांचा पार काथ्या झालाय, कापून टाकू, तिलाही तेच हवंय. कन्येनं लगेच मान डोलावली. मी दोघींना हसलो. कमरेपर्यंत केस आहेत. माझ्या डोक्यावर तिशीनंतर फारसं काही राहिलं नाही, त्यामुळे घरात जे शिल्लक आहे ते जपायचं असतं एवढं मला कळतं.
महिनाअखेरीस निवड चाचणी. अकरा वर्षांची पोर, बॅकस्ट्रोकमध्ये क्लबात पहिली. निवड झाली की थेट शहराच्या संघात. तिला रात्रंदिवस दुसरं काही सुचत नाही. निवडही होईल आणि केसही राहतील. पाणी आत शिरू न देणं हा माझा धंदा आहे. अर्धं आयुष्य गच्च्यांचं वॉटरप्रूफिंग करण्यात गेलं.

३ एप्रिल, सकाळी
शास्त्र समजून घेतलं. कोरडा केस पाणी पितो, कोरडा स्लॅब पितो तसंच. आधी साध्या पाण्यानं भिजवला की क्लोरीनच्या पाण्याला जागाच उरत नाही. त्यावर तेल. त्यावर कंडिशनर. त्यावर टोपी. बाहेर आल्या आल्या शॉवर.
हिनं विचारलं, तेल आणि कंडिशनर दोन्ही कशाला. म्हटलं, गच्चीला तीन कोट देतो, डोक्याला दोन तरी हवेत. ही म्हणाली, नाकापेक्षा मोती जड होतोय. हिला केमिस्ट्री आधीपासूनच कच्ची.

५ एप्रिल
टोपी तेलावरून सटकते. मोठी आणली. तीही सटकली आणि ऐन सरावात पाण्यात वाहून गेली, असं कन्येकडून कळलं. आता टोपीवर टोपी. आतली कापडी, बाहेरची सिलिकॉनची. कन्या म्हणाली, बाबा, कान दुखतात, शिट्टीसुद्धा ऐकू येत नाही. म्हटलं, बाकीच्यांनी हात मारला की तूही मारायचा.
तेलाचं प्रमाण वाढवावं का? विचार चालू.

८ एप्रिल
वाढवलं.
कन्येचं म्हणणं, पाण्यावर तेलाचा तवंग येतो म्हणून कोच मॅडम ओरडल्या. शिवाय मुली तिच्या लेनमध्ये यायला नाही म्हणतात. बाबा, तेल नको ना, असं दोनदा म्हणाली. मी समजावलं की तवंग दुसऱ्या कुणाचा तरी असणार, माझा कोट सुटत नाही. आणि लेन मोकळी मिळाली तर वाईट काय? सराव चांगला होतो. ती बॅग उचलून आत गेली. पटलं असावं.
मागे गच्ची करून दिली त्या नव्या इमारतीवाल्यांचे दिवसभर वेगवेगळ्या नंबरांवरून फोन चालू होते, छत गळतंय, येऊन बघा. त्यांना सांगितलं, गळत नाही, सिमेंटला घाम येतो. तर म्हणाले, बादली भरली घामानं. यापुढे अनोळखी नंबर उचलायचा नाही असा निश्चय केला आहे.

११ एप्रिल
निश्चय पाळला. अनोळखी नंबर सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. वाजू दिला.
केसांत अजून फरक नाही. धीर धरायला हवा. पहिल्या पावसातच गच्चीची परीक्षा करत नाहीत.

१५ एप्रिल
फरक आहे. आज वेणी सोडून नीट तपासलं. क्लोरीनच्या वासाचा मागमूस नाही. केस मऊ, टोकं शाबूत. हातच्या कांकणाला आरसा कशाला, म्हणून हिला बोलावून हात लावायला लावला. तिनं लावला, आणि म्हणाली, पोहून आली की दिसेल ते फस्त करायची ही पोर, हल्ली ताटातलं तसंच ठेवते. म्हटलं, विषय केसांचा चाललाय.
बायकांना यश बघवत नाही असं म्हणणार नाही, पण हिला बघवत नाही.

१८ एप्रिल
हिची नवी शंका, टॉवेल ओला कसा नसतो. अहो, तो चटकन वाळणारा टॉवेल मीच आणलाय. कॉस्च्यूमही घरी येईपर्यंत वाळलेला असतो. कापड चांगलं आहे.
कन्येला विचारलं, सराव कसा चाललाय. म्हणाली, बरा. मोठ्या स्पर्धेआधी खेळाडू कमीच बोलतात, हे मी वाचलंय. डोळे मात्र लाल दिसतात. पाण्यामुळेच. डोळ्यांचं निवडीनंतर हातात घेऊ, एका वेळी एकच काम.

२२ एप्रिल
तोच नंबर पुन्हा. या गच्चीवाल्यांची चिकाटी वाखाणण्यासारखी आहे.
खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात कन्येची वेणी हातात घेऊन विचारलं, रोज पोहतेस तरी केस असे कसे गं? मी उत्तर द्यायला सुरुवात केली तेवढ्यात कन्या वर पळाली. लाजाळू आहे. मी काकूंना सगळी पद्धत सांगितली. त्यांचं दूध उतू गेलं, पण ऐकून घेतलं त्यांनी.

२७ एप्रिल
कन्या म्हणाली, परवा चाचणीला तुम्ही येऊ नका, तुम्ही आलात की मला भीती वाटते. बरं म्हटलं. अर्धा दिवस सुट्टी टाकलीच आहे. न सांगता जाईन. निवड झाल्यावर पालक विचारतीलच केसांचं, तेव्हा चार शब्द बोलता यावेत म्हणून आंघोळ करताना तयारी केली.

२९ एप्रिल, संध्याकाळी
गेलो. गॅलरीत पहिल्या रांगेत बसलो. शेजारच्या गृहस्थांना कोरड्या केसाचं शास्त्र सांगितलं. ते उठून पलीकडे बसले. मुली ओळीनं आल्या. आपलं डोकं ओळखायला सोपं, दोन टोप्यांचं, सगळ्यांत मोठं. दिसलं नाही. पुढच्या गटात असेल. पुढच्या गटातही नव्हतं. मग गटच संपले.
खाली उतरून कोच मॅडमना विचारलं. त्यांनी आधी माझं नाव विचारून घेतलं आणि मग म्हणाल्या, तुमचा फोन लागतो पण तुम्ही उचलत नाही. आपला नंबर दाखवला. तोच होता.
त्यांनी सांगितलं ते असं. तेल धुऊन ये, नाहीतर पाण्यात उतरू नकोस, एवढंच त्या म्हणाल्या होत्या. कन्येनं तिथल्या शॉवरखाली उभं राहून घासून पाहिलं. निघालं नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेल लावूनच आली. त्यानंतर पाण्याकडे आलीच नाही. रोज गॅलरीत बसते, सराव संपला की जाते. मॅडमना वाटलं, घरचं काही असेल. मग म्हणाल्या, आज पहिली आलेली मुलगी मार्चमधल्या तुमच्या मुलीपेक्षा हळू पोहली.
वळून वर पाहिलं. कन्या शेवटच्या रांगेत होती, मांडीवर बॅग घेऊन. मी आत आलो तेव्हापासून माझ्या मागे बसली होती.
रस्त्यात तिला म्हटलं, मला सांगायचं नाही का? ती म्हणाली, सांगितलं होतं.

३० एप्रिल
सकाळी म्हटलं, चल, आत्ता पार्लरमध्ये जाऊ, केस हवे तेवढे आखूड कापून घे. ती दात घासत होती. चूळ भरून म्हणाली, आता कशाला. रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. हिनं तिची वेणी घातली आणि दोघी आपापल्या कामाला लागल्या.
केस खरंच उत्तम आहेत. एकही तुटलेला नाही. मला त्यांच्याकडे बघवत नाही.