डुबकी घातलीत, पण बोलला नाहीत

प्रिय एस्तेरताई,

आज सकाळी तुमचे यजमान, भाऊजी, येऊन जे बोलून गेले, ते ऐकल्यापासून माझा नुसता जळफळाट चाललाय. जळतेय तुमच्यावरच, तर तुम्हालाच लिहिते. तुम्हाला देवाघरी जाऊन वर्ष होत आलं म्हणून काय झालं!

मला दुसरा महिना चालू आहे. परवा डाग दिसला. डॉक्टरीण म्हणाली, ठोके आहेत, पडून राहा. पण आपल्या ज्यू घरांतला नियम तुम्हीच शिकवलात ना? पोटात बाळ असलं तरी रक्त ते रक्त. ते थांबायचं, मग सात दिवस पांढऱ्या कपड्यावर डाग नको, मग केसांसकट पूर्ण पाण्याखाली डुबकी. तोवर नवराबायकोने एकमेकांना शिवायचं नाही, कपसुद्धा हातात द्यायचा नाही.

झालं! तुमचा दीर योएल लगेच कंपनीत डबल ड्युटी मागून आला. गेल्या खेपेसारखाच.

गेल्या खेपेला तिसऱ्या महिन्यात बाळ गेलं, तेव्हा तो घरी फक्त झोपायला यायचा. मला वाटलं, मलाच दोष देतोय. आणि तुम्ही पालघरहून रोज हजर, दोन्ही पोरांना घेऊन! पोरं तुमच्या ओढणीला लोंबकळणार आणि मी तुमच्या हातची पेज गिळणार. 'हिला काय कळतंय, हिच्या मांडीवर दोन-दोन,' असं म्हणायचे मी मनात. खोटं कशाला सांगू?

माझे सात दिवस तुम्हीच मोजलेत. मुरब्याच्या समुद्रकिनाऱ्यावर तुम्हीच नेलंत, चादर धरून उभ्या राहिलात आणि ओरडलात, "केस वर राहिले, परत जा!" थंडीने दातावर दात वाजत होते, तरी मला हसू आलं. येताना रिक्षात मी विचारलं, "ताई, तुमचं कधी असं...?" तुम्ही म्हणालात, "नीट धरून बस, पडशील."

एवढंच? अहो, एवढंच?

आज योएलची डबल ड्युटी ऐकून भाऊजी त्याच्यावर भडकले. "अरे, हात लावायचा नाय, एवढंच हाय. जवळ बसायला कोणी मना केलंय? दोन पोरांच्या मधी आमचं एक गेलं, चौथ्या महिन्यात. मी दोन हात लांब खुर्ची टाकून बसायचो. ती रडायची. मग मीपण रडायचो."

योएल मान खाली घालून म्हणाला, "समोर बसलो तर हात जाईलच माझा. म्हणून घरी थांबायचोच नाही."

ऐकलंत? वेडा कुठला! आणि मी दोन वर्षं त्याचा राग राग केला.

ताई, आधी मी तुमच्या पोरांवर जळायचे. आज त्या खुर्चीवर जळतेय. तुम्हाला एवढं मिळालं होतं, मला त्यातला एक शब्दसुद्धा दिला नाहीत? का हो? मी आणखी घाबरेन म्हणून? की तुमच्याच तोंडातून निघेना? निघेना म्हणून असेल तर माफ. पण मी मनात तुम्हाला काय काय बोलले, ते तरी टळलं असतं!

योएल आज कामावर गेला नाही. दुपारपासून समोर बसलाय. मधेच विचारतो, "पंखा कमी करू?" मी नको म्हणते. डाग अजून थांबलेला नाही.

मुलगी झाली तर तुमचं नाव ठेवेन, असलं काही म्हणणार नाही. अजून राग आहे माझा. पण एक शब्द देते. उद्या तुमच्या घरी सुना येतील. एखादीवर ही वेळ आली, तर पहिल्याच दिवशी तिच्याजवळ जाऊन बसेन. सांगेन, "माझं एक गेलंय." दोन गेलेली असतील तर दोन सांगेन. आणि सांगेन, "तुझ्या सासूचंही एक गेलं होतं."

तुमची धाकटी जाऊ,
रिबका