कप्तानापेक्षा मेजर मोठा

मंगळवार, १ डिसेंबर १९५३
आजपासून डायरी. ठराव एकच. गुलाबरावकडे पाहायचे नाही. त्याचा मळा बांधाच्या पलीकडे आहे. मान वळवली नाही की दिसत नाही. सोपे आहे.
या शिवारात व्हर्नाक्युलर फायनल पास मी एकटा. गुलाबराव चौथीत दोनदा बसला. तरी मंगरूळच्या बाजारात लोक भाव त्याला विचारतात आणि मग माझ्याकडे येऊन दोन पैसे कमी करा म्हणतात.
यंदा त्याच्या कोबीचे गड्डे माझ्यापेक्षा मोठे आहेत. हे पाहून लिहीत नाही, अंदाजाने लिहितो.

गुरुवार, ३ डिसेंबर. दुपारी
एक उंच म्हातारा आला. धरमसिंग नाव. पोहरादेवीकडच्या तांड्यावरचा. पैनगंगेपलीकडच्या एका जहागीरदाराकडे वीस वर्षे रेसच्या कुत्र्यांवर होता. जहागीर गेली, रेस बंद झाली, जहागीरदार म्हणाला कुत्र्यांना गोळी घाला. याने घातली नाही. सगळे घेऊन पायी तांड्यावर आला. आता एकेकाला चांगले घर पाहून देतो. पैसे घेत नाही.
मला वाटले मला द्यायला आला. नाही! गुलाबराव भाजीची गाडी घेऊन पोहरादेवीला गेला होता, तिथे त्याने एक मागितला म्हणे. म्हातारा शेजाऱ्याकडे चौकशीला आला होता. सोयरिकीत पोराची चौकशी करतात तशी.
मी निःपक्षपाती माहिती दिली. माणूस चांगला आहे म्हटले, पण रागीट. त्याची बायको गिरजाबाई, तिचा वाढताना हात आखडता. छपराचे न बोललेलेच बरे. म्हाताऱ्याने दोन कप चहा घेतला आणि सगळे नीट ऐकून घेतले. आपला शब्द वाया जात नाही.

शनिवार, ५ डिसेंबर
गुलाबरावला कुत्रा मिळाला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
कुत्र्याचे नाव कप्तान. जहागीरदाराला फौजेचा शौक, सगळ्या कुत्र्यांना हुद्दे दिलेले. विलायती जात, ग्रेहाउंड. मी बांधावरून सहज पाहिले. (ठराव मोडला नाही. पाणी कुठे मुरते ते बघत होतो.) नुसता बरगड्यांचा सापळा. बायकोला, प्रयागला म्हटले, गुलाबरावने हाडे आणली. मनसोक्त हसलो.
मग तो पळाला. विहिरीपासून आंब्यापर्यंत. मी हसायला तोंड उघडले होते ते मिटायच्या आत पोचला.
बांधावर पंचवीसेक माणसे जमली. माझा बांध आहे तो, निम्मा. कोणी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही.
जेवण गेले नाही. वांग्याची भाजी खारट होती. प्रयाग म्हणाली, "भाजी बरोबर आहे, तुमचं तोंडच कडू झालं."

मंगळवार, ८ डिसेंबर
सर्व्हिस मोटारने मानोरा, पुढे पायी तांडा. पायाला फोड.
धरमसिंगकडे आता दोनच उरले आहेत. कर्नल दिवाळीत वारला. (फार वाईट झाले. कर्नल मिळाला असता तर विषयच मिटला असता.) एक मेजर आणि एक सुभेदार. सुभेदार तेरा वर्षांचा, एका डोळ्याने आंधळा, उन्हात पडून होता. मी मेजर मागितला. म्हातारा म्हणाला, सुभेदाराले कोणी विचारत नाही भाऊ, त्याच्याकडंही पाहा. मी एकदा पाहिले.
मेजर आणि कप्तान एकाच वेतातले भाऊ. पण कप्तानाच्या वर मेजर. हे इंग्रजांच्या वेळेपासून आहे, गुलाबरावला विचारा हवे तर. त्याला माहीत नसणार.
म्हातारा म्हणाला, घर पाहायले येईन.

रविवार, १३ डिसेंबर
इन्स्पेक्शन झाले. घर सारवून घेतले. प्रयागने पोहे केले, वर खोबरे. आमच्या सोयरिकीच्या वेळी तिच्या बापाने एवढे केले नव्हते.
म्हाताऱ्याने पोहे बाजूला ठेवले. आधी जमिनीला हात लावून ओल पाहिली. बाज हलवून पाहिली. प्रयागला विचारले, "बाई, थंडीत याच्या अंगावर काय टाकसान?" ती म्हणाली, माझी गोधडी. मला विचारले, मळ्यात दिवसभर काय करता? मी म्हटले, जातीने देखरेख. तो म्हणाला, म्हंजे बसून राह्यता. चांगलं आहे.
अटी तीन. साखळी नाही. मार नाही. आणि पळवायचे नाही. "सात वर्सं पळला तो. आता त्याले कोणासाठी पळवायचं नाई. पळवलं तर मी घेऊन जाईन." मी शपथेवर हो म्हटले.
सगळे जमले होते. मग म्हातारा उठला आणि बांध ओलांडून चौकशीला गुलाबरावकडे गेला.
हे माझ्या डोक्यातच आले नव्हते.
अर्धा तास. मी वांग्यांत वाकून बसलो, शब्द ऐकू आला नाही. मी त्याच्याबद्दल जे सांगितले ते तो माझ्याबद्दल सांगणार, हे उघड आहे. आणि वर तिखटमीठ लावणार. नीच माणूस.

सोमवार, १४ डिसेंबर
मेजर पास! घरी आला!
गुलाबरावने एवढे विष कालवले असूनही. याचा अर्थ माझी छाप जबरदस्त पडली.

रविवार, २० डिसेंबर
मेजर झोपतो. सकाळी झोपतो, दुपारी झोपतो, मग थकतो म्हणून झोपतो. काल ससा मेथीत आला आणि आरामात खाऊन गेला. मेजरने एक डोळा उघडला, ससा ओळखीचा नाही असे पाहून मिटला.
प्रयाग त्याला तूप लावून भाकर देते. मला तेल. विचारले काहून, तर म्हणाली, "तो न बोलता खाते." सोळा वर्षे संसार केला. माझ्या कपाळावरून असा हात कधी फिरवला नाही. कुत्र्याचा हेवा करणारा मी नाही. फक्त नोंद करून ठेवतो.

शनिवार, २६ डिसेंबर
बाजारात चार जण म्हणाले, हिरालालभाऊ, तुमचा मेजर गुलाबरावच्या कप्तानावाणी पळते का? मी म्हटले, दुप्पट. म्हणाले, दाखवा मग.
म्हणजे लोक माझ्या कुत्र्याला अजून त्याच्या कुत्र्याच्या मापाने मोजतात. माझे वांगे त्याच्या वांग्याच्या मापाने, माझी विहीर त्याच्या विहिरीच्या मापाने. लहानपणी शाळेत उंचीनुसार उभे करायचे तेव्हाही हा माझ्या पुढे असायचा, उंच म्हणून!
प्लॅन. पुढच्या महिन्यात शंकरपट आहे. बैलांच्या शर्यती सुटायच्या आधी, मोकळ्या पटावर, मेजर विरुद्ध कप्तान. सगळ्या तालुक्यासमोर.
अटीचा प्रश्न नाही. पळवायचे नाही असे ठरले आहे. कुत्रा आपल्या मर्जीने पळाला तर मी पळवला असे होत नाही. व्हर्नाक्युलर फायनल पास माणसालाच हा पॉइंट सुचतो.

मंगळवार, ५ जानेवारी १९५४
गुलाबरावशी बोललो. सहा महिन्यांनी. तो म्हणाला, "नोको हिराभाऊ. पळून पळून थकले ते. झोपू द्या आता त्याह्यले." आणि मला गड्डा दिला कोबीचा. चांगला पावणेदोन शेर असेल.
घाबरला!
मी ट्रेनिंग सुरू करणार. मेजर पळतो हे गावाने पाहिले की त्याला यावेच लागेल. कोबी गोड होती. टाकून कशाला द्यायची म्हणून खाल्ली.

सोमवार, ११ जानेवारी. सकाळी
रेसमध्ये दोरीला सशाचे कातडे बांधून पुढे ओढत, त्यामागे कुत्रे. हे धरमसिंगनेच सांगितले होते. कातडे मिळाले. दोरी आणि ओढणारा हवा. आज मोट चालवताना उजेड पडला. आपली मोट तेच तर करते! बैल धावेवरून खाली उतरतात, मागे नाडा ताणत जातो, विहिरीतून मोट वर येते. नाड्याला बैलांच्या मागे कातडे बांधले की झाले. पाणी पण भरते, प्रॅक्टिस पण होते. इतकी वर्षे कोणाला सुचले नाही.

त्याच दिवशी, दुपारी
सुचले नाही त्याला कारण असावे.
कातडे हलले. मेजर उठला. महिन्यात पहिल्यांदा त्याचे दोन्ही डोळे एकदम उघडे पाहिले. आणि सुटला. कातड्यावर नाही, कातड्यासकट बैलांच्या पायांत. बैल उधळले. नाडा तुटला. मोट भरलेली विहिरीत गेली. मी पाटात गेलो. बैल बांध तोडून गुलाबरावच्या कोबीत गेले.
मेजर धावेच्या टोकाशी उभा होता. पुढचा पाय वर धरलेला. एक नख उपटून निघाले होते. ओरडला नाही. माझ्याकडे पाहत होता, पुढे काय करू असे विचारल्यासारखा. सात वर्षे असाच पाहत असेल कोणाकडे तरी.
प्रयागने माझ्याकडे पाहिले नाही. त्याला उचलून घरात घेऊन गेली. एवढा मोठा कुत्रा. मी चिखलात होतो.

मंगळवार, १२ जानेवारी
गुलाबराव गळ घेऊन आला, मोट काढून दिली. मेजरच्या पायाला हळद-तेल बांधले. नाडा वळून होईपर्यंत त्याची मोट माझ्या वाफ्यांवर चालवतो म्हणाला. आपल्या कोबीबद्दल शब्द नाही. सशाचे कातडे जमिनीवर पडले होते ते त्याने पाहिले, उचलले आणि खिशात घातले.
पुरावा घेतला! धरमसिंगला दाखवणार. एवढा गोड वागतो आहे तो उगीच नाही.
माझी वांगी त्याच्या पाण्यावर टवटवीत झाली आहेत. बेशरम.

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत
गुलाबरावने तिळगूळ दिला. घेतला. गोड बोलेन असे म्हटले नाही.

रविवार, १७ जानेवारी
धरमसिंग आला. लेकीच्या सासरी बाप येतो तसा, न सांगता. आधी गुलाबरावकडे उतरला. तासभर बसला. मग इकडे आला. मेजरचा पाय पाहिला.
मी आधीच तयार होतो. गडी पहिला वार करील त्याआधी आपण करावा. मी एका दमात सांगितले, हे पाहा, गुलाबरावने तुम्हाला जे काही सांगितले ते खोटे आहे, सशाचे कातडे मी नाड्याला बांधलेच नव्हते, आणि बांधले असले तरी शंकरपटाची प्रॅक्टिस म्हणून नव्हते.
म्हाताऱ्याने मेजरचा पाय खाली ठेवला. म्हणाला, "कोणतं कातडं, भाऊ?"
गुलाबरावने सांगितले होते, नाडा जुना होता, तुटला, कुत्रा मधात आला. एवढेच.
प्रयागने पदर तोंडाला लावला. हसायला की रडायला ते मी विचारले नाही.
"अट होती भाऊ," म्हातारा म्हणाला. रागावला असता तर भांडता आले असते. दोरी न लावता मेजरला हाक मारली. तो लंगडत बांधापलीकडे गेला. कप्तान उठला, शेपूट हलवली, आपल्या पोत्यावर सरकून जागा केली.

सोमवार, १८ जानेवारी
आता गुलाबरावकडे मेजर पण, कप्तान पण. मोठे गड्डे पण. दोघे एकमेकांच्या मानेवर मान टाकून झोपतात. बांध दुरुस्त करताना चार-पाच वेळा दिसले.
प्रयाग तूप लावलेली भाकर घेऊन तिकडे जाते. मला अजून तेल.

बुधवार, २० जानेवारी
प्रयाग आज बोलली. बोलली नसती तर बरे होते. त्या इन्स्पेक्शनच्या दिवशी तिने पोह्यांसाठी गिरजाबाईकडून खोबरे आणले होते, उरलेले परत करायला ती मागच्या दाराने तिकडे गेली तेव्हा सगळे तिच्या कानावर पडले. धरमसिंगने विचारले, कसा आहे शेजारी? गुलाबराव म्हणाला, "त्याच्या तोंडाकडं पाहू नोका, घराकडं पाहा. बाई सोन्याची आहे, आन् तोही मनाचा वाईट नाई. अन् काही कमी पडलं त मी बांधापलीकडंच आहो ना."
म्हणजे माझा मेजर मला गुलाबरावच्या शब्दावर मिळाला होता.
विहिरीवर जाऊन बसलो. मी त्याच्याबद्दल काय काय सांगितले होते ते एकेक आठवत गेले. छपराचेसुद्धा.
चांगुलपणातसुद्धा हा माणूस मला पुढे जाऊ देत नाही.

रविवार, २४ जानेवारी. सकाळी
धरमसिंग पुन्हा आला. सोबत सुभेदार. चालताना मधेमधे बसतो, म्हणून म्हाताऱ्याने निम्मा रस्ता खांद्यावर आणला. म्हणाला, मी आता किती दिवसांचा? याले घर पाह्यजे. याले पळवायची भीती नाई. याले दिवसभर बसून राह्यनारा माणूस पाह्यजे.
मी विचारले, माझे नाव कोणी सुचवले?
त्याने बांधापलीकडे पाहिले.
मी हिशोब केला. सुभेदार कप्तानाच्या खाली. मेजरच्या तर फारच खाली. बाजारात काय सांगणार? नाही म्हणायला तोंड उघडले. सुभेदार तेवढ्यात माझ्या पायाशी आला, चांगल्या डोळ्याने माझा जोडा पाहिला, तीन गिरक्या घेतल्या आणि पावलांवर आडवा झाला.
म्हणालो, बरं, राहू द्या आजचा दिवस.

त्याच दिवशी, संध्याकाळी
बांधापलीकडे लोक हसत आहेत. गिरजाबाईचा आवाज, मग प्रयागचा. मेजर आणि कप्तान काहीतरी करत असतील. गुलाबराव नक्कीच मधोमध उभा असेल. मला हाक मारतो आहे, हिराभाऊ, या इकडं, चहा झाला.
काय चालले आहे ते पाहायला उठावे लागेल. पायावर सुभेदार झोपला आहे. दोन्ही पाय मुंग्या येऊन बधिर झाले आहेत.
ओरडून सांगितले, गुलाबराव, चहा इकडेच आण.