सानियाचे दोन गुण

१४ मे, लखनौ छावणी

'हरितगृह परिणाम उपयुक्त की हानिकारक?' या प्रश्नाला सातवीतल्या सानियाने पेपरात लिहिलं, हरितगृह परिणाम नसता तर पृथ्वी गोठली असती. आपण कोळसा-पेट्रोल जाळून तो वाढवला, म्हणून तापमान वाढतंय. मी दोन्ही गुण दिले.

मुख्याध्यापिका म्हणाल्या, "उत्तरसूची में 'हानिकारक' लिखा है, बेटा. नंबर काटो. परमानेंट होना है कि नहीं?"

माझंच चुकलं का? घरी येऊन पुस्तक तीनदा तपासलं. नाही चुकलं. शाळेआधी बाबांनीच शिकवलं होतं, थंडीत एक रजई जीव वाचवते, चार घेतल्या की घुसमटवतात. दोन गुण कापायचे नाहीत.

बाबांना सांगितलं. जन्मभर फौजेत काढलेले ते म्हणाले, "तोंडी भांडू नकोस गं. लेखी दे."

दिलं लिहून, 'उत्तरसूची चुकीची आहे'. खाली सही केली, पूर्ण नावासकट.